आधी छप्पर, मग यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

फाल्गुन लागला की खानापूरच्या जंगलपट्ट्यात पळस आणि काटेसावर फुलतात, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत काजूला मोहर येतो, आणि शहापूर, वडगाव, अनगोळसारख्या बेळगावच्या जुन्या वस्त्यांतून छपरांवर माणसे चढलेली दिसू लागतात. मसूर-हरभऱ्याची सुगी उरकलेली असते, लग्नसराईची खरी धांदल अजून सुरू व्हायची असते, आणि वळीव यायला थोडा अवकाश असतो. घरदुरुस्तीला याहून चांगले दिवस आपल्या भागात मिळत नाहीत. आता या कामांत नव्या वस्तूंचीही भर पडली आहे. इन्व्हर्टर, सौर पॅनेल, वाय-फाय, दारावरचा कॅमेरा अशी यादी पुण्या-मुंबईला असलेली मुले गावी आली की वडीलधाऱ्यांपुढे ठेवतात. या वस्तूंना माझा विरोध नाही. त्या कोणत्या क्रमाने घरात याव्यात, एवढ्यापुरतेच आज बोलायचे आहे.

सुरुवात छपरापासून करावी लागते. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही चापट, खाचेची कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरली. आपल्याकडे अशा छपरांची घरे अजून पुष्कळ उभी आहेत. कौल वर्षानुवर्षे टिकते. आधी दगा देते ते त्याखालचे लाकूड. म्हणून कौले उतरवली की घाईने परत न चढवता रिपा आणि वासे एकेक ठोकून पाहावेत. वाळवी लागलेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो, पण हातोडीखाली पोकळ वाजतो. कौलाचीही परीक्षा अशीच आहे. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द वाजले तर त्यात तडा आहे असे समजावे. उतरवण्यापूर्वी मोबाइलवर छपराचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले, तर पन्हळीचा उतार आणि आढ्यावरची जुळणी नंतर वादाचा विषय होत नाही. माझ्या मते या सगळ्या कामात मोबाइलचा हाच सर्वांत मोठा उपयोग आहे. माकडांच्या त्रासाला कंटाळून कौले काढून पत्रा घालणारे अनेक आहेत. त्यांची अडचण खरी आहे. मात्र एप्रिलमधल्या दुपारी पत्र्याखाली बसावे लागले की पंखा आणि कूलर घेणे भाग पडते, आणि छपरात वाचवलेला पैसा हळूहळू वीजबिलातून जातो.

छपरानंतर भिंती. जांभ्या चिऱ्याची किंवा मातीची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि पुढे महिनोन्‌महिने ती सोडत राहते. फाल्गुनापर्यंत ती बरीचशी कोरडी झालेली असते. जुना चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो, तर सिमेंटचा घट्ट गिलावा ती आत अडवतो. मग दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे सुटतात आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करणारा गवंडी मिळाला, तर त्याला दोन दिवस जास्तीची मजुरी देऊनही तो परवडतो.

याच भिंतींचा संबंध वाय-फायशी येतो. दीड-दोन फूट जाडीची चिऱ्याची भिंत लहरी अडवते, आणि त्यातही वेगवान समजला जाणारा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा आधी अडतो. माजघरात यंत्र आणि सोप्यात विद्यार्थी, अशी मांडणी असेल तर महागडे कनेक्शन घेऊनही ऑनलाइन शिकवणी तुटतच राहते. अशा घरात भिंत उघडी आहे तोवर प्रत्येक मोठ्या खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवावा. आज त्याला खर्च नगण्य येतो. गिलावा झाल्यावर तेच काम करायचे म्हणजे पुन्हा फोडाफोड आली.

विजेच्या बाबतीत मात्र मला थोडे परखड बोलायचे आहे. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून नेलेल्या तारा अजून आहेत, अर्थिंग नावापुरते आहे, आणि त्याच जोडणीवर गीझर, वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर चालतो. आपली जमीन जांभ्याची. उन्हाळा चढतो तशी ती सुकते आणि अर्थिंगचा उपयोग घटतो. म्हणून अर्थिंगची तपासणी पावसाळ्यात न करता वळिवापूर्वी जमीन पुरती सुकल्यावर करावी, कारण तेव्हा ते चालले तर वर्षभर चालेल. त्याच्या जोडीला 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. एमसीबी आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा समज चुकीचा आहे. एमसीबी तारांना जळण्यापासून वाचवतो, तर माणसाला बसणाऱ्या धक्क्यासाठी आरसीसीबीच लागतो.

हे झाल्यावर सौर पॅनेलचा विचार करावा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला 30,000 रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण 78,000 रुपये अनुदान जाहीर झाले. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि स्वच्छ उन्हाच्या दिवसांत रोज चारेक युनिट वीज मिळते. पण कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेत, पूर्वीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून, कमाल 200 युनिटपर्यंत वीज मोफत मिळते. ज्यांचे बिल आज शून्य येते त्यांनी केवळ शेजाऱ्याने बसवले म्हणून पॅनेलसाठी कर्ज काढू नये.

आणखी एक गोष्ट विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. बॅटरी नसलेला, थेट विद्युतजाळ्याला जोडलेला संच लाइन गेली की स्वतःहून बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छपरावरून उलट आलेला प्रवाह लागू नये, यासाठी ती योजना असते. त्यामुळे आषाढात खानापूरकडे झाड पडून वीज गेली, तर छपरावर पॅनेल असूनही घरात अंधारच राहील. ज्यांचे दुखणे बिल नसून खंडित वीज हे आहे, त्यांना चांगली बॅटरी आणि इन्व्हर्टर अधिक उपयोगी पडेल. कौलारू छपरावर पॅनेल बसवायचेच असेल, तर त्याचा सांगाडा कौलांवर टेकवून न ठेवता वाशांना धरून बांधावा लागतो, आणि म्हणूनच वाशांची तपासणी आधी हवी, असा माझा आग्रह आहे. अंगणातल्या गोठ्याचे किंवा न्हाणीघराचे स्लॅबचे छत मोकळे असेल, तर मी तेच आधी पाहीन.

शेवटी कागदपत्रांचे. अनुदानाच्या अर्जात वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर असावी लागते, आणि आपल्याकडे मीटर बहुधा आजोबांच्या नावावर, घराच्या उताऱ्यावर चार भावांची नावे आणि आधार कार्डावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच, अशी स्थिती असते. कन्नडमधून मराठीत आणि इंग्रजीत जाता-येता नावाची अक्षरे बदललेली असतात, ते वेगळेच. वारसा नोंद आणि मीटरवरचे नाव बदलण्याचे काम गवंडी घरात असतानाच सुरू करावे. शिमग्याला आणि गावच्या यात्रेला पुण्या-गोव्याकडचे भाऊबंद घरी येतात. वाटणीचा विषय न काढता निव्वळ मीटरपुरत्या त्यांच्या सह्या त्याच वेळी घेऊन ठेवाव्यात, कारण एकदा ते परतले की त्या सह्यांसाठी गणपतीपर्यंत थांबावे लागते.

नमस्कार.