सार्वजनिक ठिकाणी मोबाइल जॅमर : अधिकार कोणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नाट्यगृहांत तिसऱ्या घंटेच्या आधी मोबाइल बंद ठेवण्याची विनंती न चुकता केली जाते, आणि तरीही पडदा उघडल्यावर, रंगमंचावरचा नट एखादे अवघड स्वगत पेलत असताना, प्रेक्षागृहातून कोणाच्या तरी फोनची धून वाजतेच. २०१९ मध्ये नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिरात सुमीत राघवन यांनी याच कारणासाठी चालू प्रयोग थांबवला होता. त्याच वर्षी सुबोध भावे यांनी, हे असेच चालणार असेल तर आपण नाटकात काम करणेच थांबवावे, अशा आशयाचा उद्वेग समाजमाध्यमावर जाहीरपणे मांडला. नाट्यगृहांत जॅमर, म्हणजे मोबाइलचे नेटवर्क तोडणारी यंत्रे, बसवावेत ही मागणी त्या सुमारास नाट्यवर्तुळातून निघून मुंबई महापालिकेपर्यंत पोहोचली. त्या मागणीमागचे दुःख खरे आहे. तिने सुचवलेला उपाय मात्र मला अन्यायाचा वाटतो, आणि तो का वाटतो हे आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

ते दुःख किती खरे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. नाटक दर प्रयोगाला नव्याने घडते. संवादातला एखादा विराम नटाने तालमींतून कमावलेला असतो, आणि तो विराम मोडला की त्या रात्रीपुरता तो परत मिळत नाही. फोन वाजला की नट बिचकतो, शेजारचे प्रेक्षक माना वळवतात, फोनचा मालक पिशवीत हात घालून चाचपडतो, आणि पुष्कळदा तो फोन बंद करण्याऐवजी दबक्या आवाजात ‘नाटकात आहे, नंतर बोलतो’ असे सांगत बसतो. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत, न्यायालयाच्या कक्षात, वाचनालयात किंवा शोकसभेतही हाच अनुभव येतो. त्यामुळे ‘सरळ नेटवर्कच तोडून टाका’ असे कोणी म्हटले, तर त्यातला वैताग मला समजतो.

पण नेटवर्क तोडणे म्हणजे नेमके काय करणे, हे पाहिले पाहिजे. जॅमर कोणाचाही फोन बंद करत नाही. ज्या वारंवारितेवर टॉवर आणि फोन एकमेकांशी बोलतात, त्याच वारंवारितेवर तो जोरदार गोंगाट प्रक्षेपित करतो, आणि त्या गोंगाटात टॉवरचा आवाज फोनला ऐकू येईनासा होतो. रेडिओवर आपले केंद्र लावलेले असताना दुसरे दांडगे प्रक्षेपण त्याच जागी घुसले की बातम्यांतला शब्दही कळत नाही, तसेच हे आहे. या गोंगाटाला निवड करता येत नाही. वाह्यात विनोदाचा संदेश आणि रुग्णालयातून आलेला निरोप यांत त्याला फरक कळत नाही. ११२ या आपत्कालीन क्रमांकावरचा कॉल एरवी आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून जाऊ शकतो. जॅमर सगळ्याच कंपन्यांच्या लहरी बुडवत असल्यामुळे तोही मार्ग बंद होतो. शिवाय लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. नाट्यगृहात सोडलेला गोंगाट शेजारच्या इमारतीत, समोरच्या बसथांब्यावर आणि औषधांच्या दुकानातही पोहोचू शकतो.

आणि या लहरी आहेत कोणाच्या? सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालय विरुद्ध क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल या खटल्यात याचे उत्तर दिले आहे. क्रिकेट सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरून झालेल्या त्या वादात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी आपल्या निकालपत्रात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट केले, आणि त्यांचा वापर सार्वजनिक हितासाठी, सार्वजनिक अधिकारिणीच्या नियंत्रणाखाली व्हावा, असे सांगितले. आकाशवाणीवरून होणाऱ्या अशा भाषणांनाही त्या निकालाचा संदर्भ आहेच. मला जॅमरच्या प्रश्नाचे मूळ इथे दिसते. नाट्यगृहाचा व्यवस्थापक आपल्या इमारतीत चपला बाहेर काढायला सांगू शकतो, खाद्यपदार्थ आणू नका म्हणू शकतो, उशिरा येणाऱ्याला अंक संपेपर्यंत दाराशी थांबवू शकतो, कारण इमारतीवर त्याचा ताबा आहे. इमारतीतून जाणाऱ्या लहरींवर त्याचा ताबा नाही. त्या सर्वांच्या आहेत, आणि पंधरा बेशिस्त माणसांसाठी त्या उरलेल्या आठशे माणसांकडून काढून घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. बिनतारी उपकरण परवान्याशिवाय बाळगण्यास १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने मनाई केली होती. जुलै २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने पुन्हा निक्षून सांगितले की, केंद्र सरकारने खास परवानगी दिलेली प्रकरणे वगळता जॅमरचा वापर बेकायदा आहे, खासगी व्यक्तींना आणि संस्थांना तो विकत घेता किंवा वापरता येत नाही, आणि त्याची जाहिरात, विक्री किंवा आयात करणेही चालणार नाही. परवानगीचा अधिकार मंत्रिमंडळ सचिवालयातील सुरक्षा सचिवांकडे आहे, आणि तो मुख्यतः सुरक्षा दले, पोलीस, कारागृहे आणि काही अटींवर परीक्षा घेणाऱ्या वैधानिक संस्था यांच्यासाठी वापरला जातो. म्हणजे उद्या एखाद्या शाळेने, मंगल कार्यालयाने किंवा चित्रपटगृहाने इंटरनेटवरून स्वस्तातला जॅमर मागवून छतावर बसवला, तर हेतू कितीही चांगला असला तरी तो गुन्हाच ठरेल.

चांगल्या हेतूने काय घडू शकते, याची दोन उदाहरणे सांगतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका गृहस्थांना गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यांचा मनस्वी राग होता. त्यांनी आपल्या गाडीत जॅमर ठेवला आणि रोज कामावर जाता-येता महामार्गावरच्या आसपासच्या गाड्यांतले फोन बंद पाडायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळी आपल्या टॉवरांवर अडथळा येतो, हे एका कंपनीच्या लक्षात आले. २०१३ मध्ये तपास करत पोलीस त्या गाडीजवळ पोहोचले, तेव्हा पोलिसांच्या स्वतःच्या वायरलेसचाही नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला. पुढच्या वर्षी तिथल्या दूरसंचार आयोगाने ४८,००० डॉलरचा दंड प्रस्तावित केला. दुसरे उदाहरण फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील मेसांज या गावचे, आणि आईबापांनी ते आवर्जून ऐकावे. २०२२ मध्ये तिथे मध्यरात्रीपासून पहाटे तीनपर्यंत सगळ्या गावाचे मोबाइल आणि इंटरनेट बंद पडू लागले. सरकारी तंत्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा उगम एका घरात सापडला. मुले रात्री फोन सोडत नाहीत म्हणून वडिलांनी जॅमर आणला होता. त्या रात्रींत गावातल्या एखाद्या घरी कोणाला हृदयविकाराचा झटका आला असता, तर रुग्णवाहिकेला फोन लागला नसता.

आपल्याकडे हा धोका काल्पनिक म्हणता येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताज आणि ओबेरॉयमध्ये अडकलेली माणसे खोल्यांच्या अंधारात मोबाइलवरूनच नातेवाइकांशी आणि बाहेरच्यांशी संपर्क साधून होती. दहशतवादीही फोनवरूनच सीमेपलीकडून सूचना घेत होते, हेही खरे आहे, आणि जॅमरचे समर्थक हे उदाहरण हमखास देतात. परंतु तेच संभाषण आपल्या यंत्रणांनी ऐकले, ध्वनिमुद्रित केले, आणि हल्ल्याची सूत्रे कुठून हलत होती याचा तो ठोस पुरावा ठरला. सरसकट गोंगाट सोडला असता, तर ओलिसांचा आधारही गेला असता आणि तो पुरावाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलगाड्यांत स्फोट झाले, तेव्हा मोबाइलची जाळी अतिभारानेच कोलमडली होती. घरच्या माणसाचा आवाज न ऐकता त्या रात्री मुंबईकरांनी जे तास काढले, ते ज्यांना आठवतात त्यांना संपर्क तुटणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

मग जॅमर कुठेच योग्य नाही का? कारागृहात तो समर्थनीय आहे, असे मी म्हणेन. तिथला माणूस न्यायालयाच्या आदेशाने कोठडीत आहे, तिथून खंडणीचे आणि साक्षीदारांना धमकावण्याचे फोन झाल्याचे वारंवार उघड झाले आहे, आणि तिथे आपत्कालीन संपर्काची पर्यायी व्यवस्था प्रशासनाला ठेवता येते. तरीही कारागृहाच्या भिंतीबाहेर राहणाऱ्यांचे काय? बंगळुरूच्या परप्पन अग्रहार कारागृहाभोवतालच्या रहिवाशांनी जॅमरमुळे घरात फोन लागत नसल्याच्या तक्रारी केल्या आहेत. शिवाय जुन्या पिढीच्या नेटवर्कसाठी बसवलेले जॅमर ४जी येताच निष्प्रभ ठरले, हा अनुभवही देशातल्या अनेक कारागृहांनी घेतला आहे. फोन आत नेणारा हात पकडल्याशिवाय यंत्राचा उपयोग अर्धाच राहतो.

परीक्षांच्या बाबतीत मी थोडा साशंक आहे. कमी शक्तीचे जॅमर परवानगीने वापरण्याची मुभा परीक्षा संस्थांना २०१६ च्या धोरणाने दिली आहे. तीन तासांपुरता आणि एका इमारतीपुरता असा वापर, शेजाऱ्यांना आधी कळवून आणि केंद्रावर तारेचा दूरध्वनी चालू ठेवून केला, तर तो सोसता येईल. लाखो मुलांच्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचा तो प्रश्न आहे, याची मला जाणीव आहे. परंतु पेपर फुटतात ते मुख्यतः परीक्षागृहाबाहेर. मे २०२४ च्या नीट परीक्षेचा पेपर हजारीबागला आणि पाटण्याला फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. तो परीक्षा सुरू होण्याआधीच पेटीतून बाहेर गेला होता, आणि तिथे कोणताही जॅमर काही करू शकला नसता. काही राज्ये तर परीक्षेसाठी संपूर्ण जिल्ह्यांचे मोबाइल इंटरनेट बंद करतात. तो उपाय मला मुळीच मान्य नाही. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इंटरनेटबंदीचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे, तो तात्पुरता असला पाहिजे आणि गरजेच्या प्रमाणात असला पाहिजे. हीच कसोटी जॅमरलाही लावावी, असे मला वाटते.

त्या कसोटीवर नाट्यगृहातला जॅमर उतरत नाही. फ्रान्सने हा प्रयोग करून पाहिला. नाट्यगृहे आणि चित्रपटगृहांना तिथे २००४ मध्ये जॅमरची मुभा मिळाली, पण आपत्कालीन कॉल अडता कामा नयेत या अटीवर. पुढे २०११ मध्ये ती मुभाच काढून घेण्यात आली. न्यू यॉर्क शहराने वेगळी वाट धरली. तिथे २००३ पासून प्रयोग चालू असताना फोन वापरणाऱ्याला ५० डॉलरचा दंड आहे, आणि आणीबाणीचा प्रसंग त्यातून वगळला आहे. ज्याने त्रास दिला त्यालाच दंड, बाकीच्यांचा संपर्क शाबूत, हे तत्त्व मला न्याय्य वाटते. आपल्याकडेही ते परके नाही. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने बसमध्ये मोठ्याने फोनवर बोलण्यास आणि इयरफोनशिवाय ध्वनिचित्रफिती लावण्यास मनाई केली. त्यासाठी बसमधले नेटवर्क तोडावे असे कोणाला सुचले नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये तमिळनाडूतील मंदिरांत मोबाइल नेण्यास बंदी केली, तेव्हाही उपाय सांगितला तो दाराशी फोन जमा करून घेण्याचा.

नाट्यगृहांनी हेच करावे. फोन ठेवायला क्रमांकाचे कप्पे असलेली खिडकी तिकीटघराशेजारी असावी. ज्यांना फोन जवळ ठेवणे भाग आहे, म्हणजे रात्रपाळीचे डॉक्टर, घरी आजारी माणूस ठेवून आलेली मुलगी, अग्निशमन दलातला अधिकारी, त्यांच्यासाठी दाराजवळच्या शेवटच्या रांगेतल्या काही जागा राखाव्यात, आणि फोन थरथरताच त्यांनी बाहेर जाऊन बोलावे. इतरांना आपला आसनक्रमांक आणि व्यवस्थापकाच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक घरी देऊन येता येईल. निरोप आला तर डोअरकीपर विजेरी घेऊन त्या रांगेत जाईल. मोबाइल येण्यापूर्वी निरोप असाच पोहोचवता येत असे. ज्याचा फोन तरीही वाजेल, त्याला पहिल्या वेळी अंक संपेपर्यंत बाहेर बसवावे, आणि ही अट तिकिटावर ठळक मराठीत छापलेली असावी, म्हणजे वादाला जागा राहणार नाही. नाट्यगृहे चालवणाऱ्या महापालिकांनी ही अट भाडेकरारातच घालावी, आणि ती अमलात आणण्यासाठी प्रत्येक दाराशी पुरेशी माणसे नेमावीत, कारण सध्या पुष्कळ ठिकाणी दारे लागल्यावर प्रेक्षागृहात लक्ष ठेवायला कोणीच नसते. जॅमरसाठी जो पैसा मागितला जातो, तो या माणसांच्या पगारावर खर्च व्हावा, एवढी माझी नाट्यसंस्थांना आणि महापालिकांना विनंती आहे. नमस्कार.