जळीत रुग्णाला प्लेटलेट्स केव्हा द्याव्यात?

रक्तपेढीतील एका यंत्राचे कप्पे दिवसरात्र संथपणे हलत असतात, कारण त्यांवरील फिकट पिवळ्या पिशव्यांमधील प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, 20 ते 24 अंश सेल्सिअस तापमानात सतत हलत्या ठेवल्या, तरच त्या साधारण 5 दिवस टिकतात. तंत्रज्ञ पिशवी उजेडासमोर धरून हलकेच फिरवतो आणि आत रेशमासारखी चमकती वलये उमटली, की पेशी सुस्थितीत असल्याची त्याची खात्री पटते.

निरोगी माणसाच्या रक्तात प्लेटलेट्सची संख्या दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असते. शरीराचा मोठा भाग भाजलेल्या रुग्णात ती झपाट्याने घटते आणि साधारण तिसऱ्या दिवशी तळ गाठते. पहिल्या 24 तासांत शिरेवाटे द्यावे लागणारे कित्येक लिटर सलाइन रक्त पातळ करते. शिवाय भाजलेल्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होताना प्लेटलेट्स खर्ची पडतात. सारे सुरळीत असेल, तर पुढे त्या आपोआप वाढतात आणि दुसऱ्या आठवड्यात पुष्कळदा नेहमीच्या पातळीच्याही वर जातात. खरी चिंता असते ती संख्या सावरतच नाही अशा रुग्णांची, कारण त्यामागे बहुधा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असतो आणि तो पिशवी चढवून बरा होत नाही.

डेंग्यूच्या साथींमुळे महाराष्ट्रातील घराघरांत प्लेटलेट्सचा आकडा ओळखीचा झाला आहे. जळीत कक्षाबाहेर थांबलेले नातेवाईकही त्याच धास्तीने रक्तदाते शोधू लागतात. त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे. मात्र आकडा वाढला म्हणजे रुग्ण वाचला, असे म्हणता येत नाही. प्लेटलेट्स मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांची नुसती तुलनाही फसवी ठरते, कारण अधिक गंभीर रुग्णांनाच अधिक पिशव्या दिल्या जातात.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 660 अकाली जन्मलेल्या बाळांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. संख्या 50,000 च्या खाली जाताच प्लेटलेट्स दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव 26 टक्के बाळांत झाला. 25,000 पर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण 19 टक्के होते. ही बाळे भाजलेली नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष जळीत रुग्णांना थेट लावता येणार नाही. पण प्लेटलेट्स देण्यानेही अपाय होऊ शकतो, हे त्यातून ठळकपणे दिसले.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर गणित बदलते. जळालेल्या त्वचेचे पातळ थर सुरीने काढत, जिवंत ऊतीतून रक्ताचे बारीक ठिपके फुटेपर्यंत खोल जावे लागते आणि अशा विस्तृत जखमेतून थोड्याच वेळात पुष्कळ रक्त जाते. त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेआधी संख्या सामान्यतः 50,000 च्या वर असावी, असे पाहिले जाते आणि रक्तपेढीतील ती पिशवी तेव्हा आधीच मागवून ठेवली जाते.