एक कप म्हणजे किती ग्रॅम?

मंडळी, हा प्रश्न मला कुणी विचारला की मी आधी उलटं विचारतो, कप कशाचा? कप जागा मोजतो, ग्रॅम वजन सांगतो, आणि या दोघांमधला दुवा म्हणजे त्या पदार्थाची घनता. २४० मिलिलिटरचा कप घ्या. त्यात पाणी २४० ग्रॅम मावतं, साखर साधारण २००, मैदा जेमतेम १२० ते १२५ आणि मध तब्बल ३४० च्या आसपास. कप तोच! म्हणून सगळ्याच जिनसांना लागू पडेल असा एकच आकडा शोधत बसू नका, तो नाहीच.

त्यात कपही सगळीकडे सारखा नाही. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, जपानचा २०० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियात मात्र २० चा. पाककृती कुठली आहे, हे आधी बघा.

पण खरी गडबड होते ती पिठात. पीठ म्हणजे कण आणि कणांमधली हवा. कप थेट डब्यात खुपसून भरला की पीठ दाबलं जातं, आणि त्याच कपात १४५-१५० ग्रॅम बसतं. चमच्याने अलगद भरून वरून सुरीने सपाट केलं, तर १२० च्या जवळपास. आता चार कप पिठाची पाव करायची कणीक धरा, पाणी ३०० मिलिलिटर. अलगद भरलेलं पीठ होतं ४८० ग्रॅम, म्हणजे पाणी पिठाच्या साडेबासष्ट टक्के. कणीक मऊ, लवचिक होते. दाबून भरलेलं पीठ ६०० ग्रॅम झालं, तर पाणी बरोबर निम्मं, आणि तीच कणीक घट्ट, मळताना हात दुखवणारी. पाककृतीत लिहिलेलं मात्र दोन्ही वेळा एकच: चार कप. लोक स्वतःच्या हाताला दोष देतात याचं मला फार वाईट वाटतं. हाताचं काहीच चुकलेलं नसतं.

मिठाचंही तसंच. बारीक मीठ एका छोट्या चमच्यात सुमारे सहा ग्रॅम बसतं, पापुद्र्यांचं मीठ कधीकधी त्याच्या निम्मंच.

मग सगळंच वजनावर करायचं का? नाही. घरचा वजनकाटा बहुधा एकेक ग्रॅमनेच पुढे सरकतो. दोन ग्रॅम खाण्याचा सोडा त्यावर मोजायला गेलात, तर अर्ध्या ग्रॅमचा फरकसुद्धा पाव हिश्श्याचा होतो. तिथे सपाट भरलेला छोटा चमचाच बरा. पीठ, साखर, लोणी, सुकामेवा मात्र काट्यावरच घ्या.

जुन्या, कपात लिहिलेल्या पाककृती ग्रॅममध्ये आणायच्या असतील, तर तुम्ही एरवी भरता तसाच कप तीनदा भरा, तिन्ही वेळा वजन करा आणि सरासरी त्या पाककृतीशेजारी लिहून ठेवा. कोष्टकातला आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी हाताचा असतो.

आणि काट्यावर मिलिलिटरचं बटण असेल, तर ते बहुतेक वेळा पाण्याचा हिशेब धरूनच चालतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. असा काटा २४० मिलिलिटर दाखवेपर्यंत तेल ओतलंत, तर भांड्यात प्रत्यक्षात २६० मिलिलिटर आलेलं असतं.