एक इमेज, सगळी लॅब

ही एका हायस्कूलची कॉम्प्युटर लॅब. स्क्रीनवर काळा मेनू आलाय बघा, वर उबंटू, म्हणजे फुकट मिळणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, खाली विंडोज, आणि ही पोरगी बाणाचं बटण दाबून ठरवतेय आज कशात बसायचं ते. लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर हाच मेनू आहे, पण इन्स्टॉलेशन झालंय फक्त एकावर, बाकीच्यांवर गेलीय त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल.

ते हे कोपऱ्यातलं. यात आधी विंडोज टाकलं, निम्मी डिस्क मोकळी ठेवली आणि तिथं उबंटू. क्रम हाच ठेवायचा, उलटं केलं तर विंडोज बूट, म्हणजे मशीन सुरू होण्याचा ताबा, आपल्याकडे ओढून घेतं आणि मेनूच गायब. आता सर जी कमांड मारतायत ती फास्ट स्टार्टअप बंद करायची आहे, ते चालू राहिलं तर शटडाउन करूनही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि तसल्या पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या त्या भागाची, इमेज नीट निघत नाही. घड्याळाचीही भानगड असते, उबंटूतून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे, कारण विंडोज मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर धरतं आणि उबंटू यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. ते उबंटूतूनच एका कमांडने मिटवलं. मग मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, लिबरऑफिस, जिओजेब्रा, सगळं इथंच घालून घेतलं, आणि शेवटी विंडोजवर सिसप्रेप हे त्याचंच टूल चालवलं, म्हणजे नक्कल टाकल्यावर प्रत्येक मशीनला स्वतःची नवी ओळख मिळते.

पेनड्राइव्हवरून हे चालू झालं क्लोनझिला, इमेज काढायचं आणि टाकायचं सॉफ्टवेअर. तैवानच्या सरकारी सुपरकॉम्प्युटिंग केंद्रातल्या लोकांनी बनवलेलं, फुकट, सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला. ते डिस्कवर जेवढा डेटा आहे तेवढाच उचलतं, रिकामी जागा सोडून देतं, म्हणून इमेज डिस्कपेक्षा बरीच लहान होते.

आणि आता हे बघा. सगळी मशीनं लॅन केबलवरून बूट केलीत, स्विचचे दिवे लुकलुकतायत, आणि रांगेतल्या प्रत्येक स्क्रीनवर तीच पट्टी एकदमच पुढं सरकतेय! याला मल्टिकास्ट म्हणतात. सर्व्हर डेटा एकदाच सोडतो आणि सगळी मशीनं तोच झेलतात, त्यामुळे मशीनं वाढली म्हणून वेळ त्या पटीत वाढत नाही. फक्त समोरची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. नंतर प्रत्येक उबंटूला वेगळं होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं नाव, आणि नवा मशीन-आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, दिला.

विंडोज ठेवलंय कारण पुढं एमएस-सीआयटी करायचं तर ते हाताखालचं हवं. पण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, यातली जुनी मशीनं ११ च्या अटीत बसत नाहीत, आणि उबंटू त्यांच्यावर मस्त चालतंय. मशीन बिघडलं की आता दुकानात न्यायचं नाही, परत इमेज टाकायची.

विंडोजवाली इमेज दुसऱ्या शाळेला देता येत नाही, लायसन्स आड येतं. नुसत्या उबंटूची वेगळी काढून ठेवलीय, ज्या शाळेला हवी त्यांनी रिकामी हार्ड डिस्क घेऊन यावं.