एसीतला गॅस आणि उसाची ट्रॉली

नमस्कार मंडळी. बोर्डावर खडूनं लिहिलंय 'घरगुती एसीच्या नेहमीच्या तक्रारी व कारणे', आणि मला दिलाय अर्धा तास. त्या कोपऱ्यातल्या एसीखाली बादली ठेवलीय ती मी आल्या आल्या बघितली, तिच्याकडं नंतर येतो.

आधी हात वर करा. घरच्या एसीत गॅस कुणी कुणी भरून घेतलाय? बापरे, निम्मा हॉल. आता फ्रिजमध्ये कुणी भरलाय? दोन... मागं एक, तीन. आता मला सांगा, फ्रिज बारा महिने चोवीस तास चालतो, पंधरा-पंधरा वर्षं चालतो. एसी चालतो मार्च ते मे, तोही रात्री झोपताना. मग गॅस एसीचाच कसा काय संपतो हो?

संपत नाही. हेच सांगायला आलोय, बाकीचं सगळं तोंडी लावायला. गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, जळून जायला. गॅस म्हणजे आपली उसाची ट्रॉली. घरात येते, खोलीतली उष्णता भरून घेते, बाहेरच्या युनिटला जाऊन ओतते, रिकामी होऊन परत. कॉम्प्रेसर हा ट्रॅक्टर. आता सीझनभर ऊस वाहिला म्हणून ट्रॉली कधी झिजून गायब झालीय का? ट्रॉली दिसत नाही म्हणजे ती कुणीतरी पळवलीय, आधी चोर शोधायचा. आपण काय करतो, दरवर्षी नवी ट्रॉली घेतो आणि चोराला दार उघडंच.

आता माझ्या घरातलंच सांगतो. राजारामपुरीत माझी थोरली बहीण राहते, आक्का. उद्यमनगरात माझं दुकान, २६ वर्षं मी हेच काम करतोय, पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं, आक्काच्या एसीला माणूस यायचा बाहेरचा. का, तर दाजी म्हणायचे, "पाहुण्याला कशाला त्रास, पैसे पण घेत नाही." तीन उन्हाळे ओळीनं गॅस भरला, दर खेपेला अडीच हजार. चौथ्या वर्षी अक्षय तृतीयेला जेवायला गेलो, आमरस पुढ्यात, आणि दाजी सहज म्हणाले, "यंदा गॅस जरा लवकर संपला बघा." माझ्या हातातली पुरी हातातच. तसाच उठलो, गॅलरीत गेलो. आक्का आतनं ओरडतेय, "आरं जेवून तरी घे!"

बाहेरच्या युनिटला कडेला दोन पितळी नट असतात, जाड पाइपचा एक आणि बारीक पाइपचा एक. जाड पाइपच्या नटाखाली तेलाचा काळा डाग, रुपयाएवढा, वर धूळ चिकटून लोण्यासारखी झालेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल पण फिरत असतं, त्यामुळं जिथं गॅस सुटतो तिथं तेल पाझरतं. आक्काकडनं भांड्याचा साबण घेतला, वाटीत फेस केला, बोटानं नटाला लावला. पाच-सात सेकंद काहीच नाही, मग एक बुडबुडा, मोहरीएवढा, हळूहळू हरभऱ्याएवढा झाला नि फुटला. परत दुसरा. दाजींना म्हटलं हे बघा, साडेसात हजार इथनं गेलेत. तीन वर्षं जो माणूस येत होता, त्याचा गॅस भरायचा पाइप त्या नटापासून वीतभर अंतरावर लागत होता की हो! वीतभर!

दुसऱ्या दिवशी नट खोलला. पाइपचं तोंड तुतारीसारखं पसरून नटात बसवतात, त्याला फ्लेअर म्हणतात, तो चिरलेला होता, बसवतानाच जादा आवळलेला असणार. फ्रिजचे पाइप कारखान्यातच डाग देऊन बंद होतात. स्प्लिट एसीचे चार जोड मात्र, दोन आतल्या युनिटला नि दोन बाहेरच्या, तुमच्या घरी येऊन, उन्हात, शिडीवर उभं राहून एक पोरगं करतं. हात वर करणारे निम्मे का होते, कळलं का आता?

म्हणून गॅस भरायला कोण आला तर आधी विचारायचं, भावा, लीक कुठं आहे ते दाखव. जोड नीट झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा नि ओल काढायची आणि मगच गॅस, तो पण तोलून. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, वाचा जाऊन. उसाचा काटा मारला म्हणून आपण रस्त्यावर उतरतो आणि गॅस बिनकाट्याचा भरून घेतो!

काय? चिठ्ठी आली. पाच मिनिटं. असू दे, बाकीचं पळत पळत.

आतल्या युनिटातल्या गार पाइपांच्या गुंडाळीवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ धरला की लोक म्हणतात गॅस कमी. असतोही कधी, पण बऱ्याचदा हवेची जाळी, म्हणजे फिल्टर, धुळीनं बसलेली असते, हवाच खेळत नाही, कॉइल शून्याखाली जाते. जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, फुकट आहे. कुबट वास येत असेल तर ओल्या कॉइलवर बुरशी आहे, सर्व्हिसिंग करा, अत्तर मारू नका, एका काकूंनी मारलं होतं. गार होत नाही आणि बाहेरचं युनिट नुसतं हुंहुं करतंय, पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर उचलत नाही, तर आधी कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होताना धक्का देणारा भाग, बघायला लावा, काही शेकड्यांत काम होतं, लगेच कॉम्प्रेसर गेला म्हणून हजारोंचं बिल काढू देऊ नका. बाहेरचं युनिट ग्रिलमध्ये कोंडून वर गोधड्या वाळत घातल्या तर ट्रॉली रिकामी कुठं करायची तिनं? बंद करून लगेच चालू केला की दोन-तीन मिनिटं गार हवा येत नाही, तो बिघाड नव्हे, कॉम्प्रेसरला दिलेली विश्रांती आहे. आणि एसी सुरू केला की २४ दाखवतो म्हणून मला फोन येतात, अहो १ जानेवारी २०२० पासून स्टारवाल्या एसीला तसा नियमच आहे. टन म्हणजे एसीचं वजन नव्हे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढी ताकद, त्यामुळं भिंत पेलेल का ही काळजी सोडा.

राहिली बादली. घरात पाणी गळतं म्हणजे निचऱ्याचा पाइप शेवाळानं तुंबलाय, नाहीतर मध्येच वर उचललाय, किंवा बाहेर त्याचं टोक कुणीतरी पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवलंय. इथं मला तिसऱ्या कारणाचाच संशय आहे. सेक्रेटरीसाहेब, चहा येईपर्यंत बघून घेतो, मागच्या खिडकीची किल्ली कुणाकडं आहे?