'व्हाइट अल्बम': मूळ प्रत नेमकी कुठली?

मित्रहो, 'व्हाइट अल्बम' आपल्याकडे आहे असं कुणी सांगितलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठला? प्रश्न खोडसाळ वाटेल, पण आजचा सगळा विषय त्यातच आहे. 22 नोव्हेंबर 1968 ला ब्रिटनमध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडचा हा डबल, म्हणजे दोन रेकॉर्डचा, अल्बम आला तोच मुळी दोन रूपांत, एक मोनो (सगळा आवाज एकाच वाटेनं) आणि एक स्टिरिओ (डाव्या-उजव्या अशा दोन वाटांनी). जुळ्या भावांसारखी ही दोन रूपं. दिसायला सारखी, पण तोंड उघडलं की वेगळी.

त्याचं अधिकृत नाव नुसतं 'द बीटल्स'. 'व्हाइट अल्बम' हे लोकांनी ठेवलेलं नाव, आणि ते पडलं पाकिटावरून. रिचर्ड हॅमिल्टन या ब्रिटिश चित्रकारानं सुचवलं की वर काहीच नको. कोरं पांढरं पाकीट, त्यावर उठावाची, शाई नसलेली अक्षरं, तीही किंचित तिरकी, आणि खाली एक क्रमांक. चित्रकार मोजक्या प्रती छापून त्यांवर आकडे घालतात, तसे आकडे लाखोंनी खपणाऱ्या वस्तूवर घालायचे, ही त्याची गंमत. पहिल्या ब्रिटिश प्रतींमध्ये रेकॉर्ड बाजूनं नाही, वरून काढावी लागे. आत काळी पाकिटं, बँडमधल्या चौघांचे (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमर रिंगो स्टार) चार रंगीत फोटो आणि एक मोठं पोस्टर, ज्याच्या मागे गाण्यांचे शब्द. आज जुन्या बाजारात प्रत हाती घेणारा माणूस आधी आकडा बघतो, मग फोटो मोजतो. गाण्यांचा नंबर त्यानंतर. 0000001 ही प्रत रिंगोकडे होती. 2015 साली लिलावात तिला 7 लाख 90 हजार डॉलर मिळाले. हॅमिल्टननं केलेली थट्टा बाजारानं अशी मनावर घेतली.

आता थोडं आधीचं सांगतो, कारण त्यात आपलाही धागा आहे. जानेवारी 1968 मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत होता. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्यानं आपल्या वादकांना घेऊन 'वंडरवॉल' या चित्रपटासाठी संगीत ध्वनिमुद्रित केलं. शिवकुमार शर्मा, आशिष खान अशी मंडळी त्यात होती. बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीचा पहिला एलपी म्हणजे हाच, 'व्हाइट अल्बम'च्या तीन आठवडे आधी आलेला. त्यानंतर फेब्रुवारीत चौघे महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमात गेले. रिंगो दहा-बारा दिवसांतच परतला, बाकीचे जास्त राहिले. तिथे हाताशी होत्या त्या साध्या अकूस्टिक गिटारी. तिथेच असलेल्या डोनोव्हन या गायकानं लेननला बोटांनी तारा छेडायची एक पद्धत शिकवली, ती 'डिअर प्रुडन्स' आणि 'ज्युलिया'त स्पष्ट ऐकू येते. परत आल्यावर, मे महिन्यात, हॅरिसनच्या लंडनजवळच्या ईशर इथल्या घरी त्यांनी या गाण्यांचे कच्चे मसुदे टेपवर घेतले. ती टेप लक्षात ठेवा.

मग मे ते ऑक्टोबर स्टुडिओ. भांडणं झाली, ध्वनिमुद्रक जेफ एमरिक वैतागून निघून गेला, रिंगोनंही ऑगस्टमध्ये काही दिवस बँड सोडला. निर्माता जॉर्ज मार्टिनचं म्हणणं होतं की गाणी निवडा आणि एकच चांगली रेकॉर्ड काढा. त्याचं कुणी ऐकलं नाही. माझं विचाराल तर बरं झालं. 'वाइल्ड हनी पाय' गाळून अल्बम सुधारला असता, पण मग तो हा अल्बम राहिला नसता.

शेवटी 16 ऑक्टोबरच्या संध्याकाळी लेनन, मॅकार्टनी, मार्टिन आणि ध्वनिमुद्रक केन स्कॉट बसले आणि जवळपास चोवीस तास सलग बसून तीस गाण्यांचा क्रम लावला. हॅरिसन अमेरिकेला गेला होता, रिंगो सुट्टीवर. क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. हॅरिसनची चार गाणी चार बाजूंना एकेक. 'ब्लॅकबर्ड', 'पिगीज', 'रॉकी रॅकून' ही प्राण्यांची नावं मुद्दाम एकापाठोपाठ. पहिल्या गाण्याच्या शेवटी विमान उतरतं आणि त्या आवाजातूनच 'डिअर प्रुडन्स' सुरू होतं. रेकॉर्ड उलटण्याचे थांबेही या रचनेचाच भाग. पुढे कॅसेटवर दोन्ही बाजूंची लांबी जुळवण्यासाठी हा क्रम बिनदिक्कत बदलला गेला, आणि 1987 मध्ये सीडी आली तेव्हा चारऐवजी दोनच तुकडे उरले. एका सीडीत तो मावतच नव्हता, कारण अल्बम 93 मिनिटांचा.

मोनो-स्टिरिओचा खरा घोळ असा. त्या वेळी ब्रिटनमध्ये बहुतेकांच्या घरी मोनोच होता. अमेरिकेत मात्र कंपन्यांनी मोनो एलपी बंद करत आणले होते, त्यामुळे तिथे हा अल्बम फक्त स्टिरिओत आला. दोन्ही मिश्रणं, म्हणजे गाण्यातले सुटे आवाज जुळवून केलेली अंतिम रूपं, वेगवेगळी बसून केलेली, त्यामुळे फरक भरपूर. 'डोन्ट पास मी बाय' मोनोत जलद चालतं आणि शेवटचं फिडल वेगळंच वाजतं. 'ब्लॅकबर्ड'मधले पक्षी वेगळ्या जागी बोलतात. सगळ्यात मोठा फरक 'हेल्टर स्केल्टर'चा. स्टिरिओत गाणं मिटत जातं, परत येतं, पुन्हा मिटतं, पुन्हा येतं आणि शेवटी रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडून सांगतो. मोनोत पहिल्यांदा मिटलं की संपलं. जवळजवळ एक मिनिट कमी, आणि ती प्रसिद्ध आरोळी नाहीच! म्हणजे 1968 मध्ये मोनो प्रत घेतलेल्या ब्रिटिश पोराला ती आरोळी ठाऊकच नव्हती.

नंतर मोनोच मागे पडला आणि जगभर स्टिरिओ म्हणजेच 'व्हाइट अल्बम' झाला. 1978 मध्ये दहा वर्षं झाली म्हणून रेकॉर्डच पांढऱ्या प्लॅस्टिकची काढली, ती दिसते छान. 1980 मध्ये अमेरिकेत 'रेअरिटीज' नावाचा संग्रह निघाला, त्यात 'डोन्ट पास मी बाय' आणि 'हेल्टर स्केल्टर' ही दोन मोनो गाणी दुर्मिळ चिजा म्हणून घातली होती. बारा वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये दुकानातून सहज मिळणारी गोष्ट! 1998 ला तीस वर्षांची सीडी आली, छोट्या पांढऱ्या पाकिटात, पुन्हा क्रमांकासह. मोनो सीडीवर यायला 2009 उजाडलं, आणि 2014 मध्ये मूळ ॲनालॉग टेपवरून, मध्ये डिजिटल टप्पा न घेता कापलेली मोनो रेकॉर्ड निघाली.

मग 2018, पन्नास वर्षं. जॉर्ज मार्टिनचा मुलगा जाइल्स आणि सॅम ओकेल यांनी सगळी गाणी नव्यानं मिसळली. ड्रम पुढे आले, बेस भरला, स्वच्छता आली. मला हे मिश्रण आवडतं, पण जपून. 'याहून चांगलं' आणि 'याहून मूळ' या दोन गोष्टी विक्रेते हटकून एकत्र बांधून देतात. त्या वेळी निघालेल्या संचाच्या पेटीतली खरी भर म्हणजे ईशरची ती टेप, सत्तावीस मसुदे. त्यांतले काही 1996 मध्ये 'अँथॉलॉजी 3'वर येऊन गेले होते, पण सगळे एकत्र, नीट साफ केलेले, पहिल्यांदाच मिळाले. ती गाणी ऐकताना ऋषिकेशहून नुकतेच परतलेले दोस्त ऐकू येतात. पुढे स्टुडिओत जे झालं त्याचा मागमूसही त्यात नाही.

कुठली घ्यावी, असं विचाराल. खिशाला परवडत असेल तर 2014 ची मोनो, आणि ईशरच्या मसुद्यांसाठी 2018 ची पेटी. एकच घ्यायची असेल तर कुठलाही साधा स्टिरिओ घ्या, फोडांची आरोळी तरी मिळेल. जुनी क्रमांकाची प्रत मात्र फोटो आणि पोस्टर मोजल्याशिवाय पैसे देऊन मोकळे होऊ नका.

बोलणं पुरे. 'हेल्टर स्केल्टर' दोन्ही रूपांत लावतो, आधी मोनो. पुढच्या रांगेला आवाज जास्त वाटला तर हात वर करा.