आवडली का, हे विचारूच नका

मंडळी, वाचनालयाच्या कार्यकर्त्यांपुढे बोलायचं म्हणजे आधी कपाटाबद्दल बोललं पाहिजे. वाचनकट्टा, म्हणजे महिनाभरात एकच पुस्तक सगळ्यांनी वाचून त्यावर मिळून बोलायचं, असा सुरू करायचा म्हटला की पहिलं घोडं अडतं ते प्रतींपाशी. सरकारी वर्गवारीतल्या 'क' वर्गाच्या, म्हणजे छोट्या वाचनालयात एका कादंबरीच्या दोन प्रती सापडल्या तरी चैन. मग महिन्याभरात दहा-बाराजणांनी ती वाचायची कशी? आम्ही यावर एकच केलं, गाजत असलेली कोरी कादंबरी घ्यायची नाही, जुनी घ्यायची. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. ती कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर निघतेच, रद्दीवाल्याकडे मिळते. शिवाय लहानखुरी आहे, एकच प्रत महिन्यात तीन-चार घरं फिरून येते. पहिल्याच महिन्यात पाचशे पानी ठोकळा ठेवलात, तर पुढच्या महिन्यात सतरंजी घालायला एक आणि उचलायला एक, एवढीच माणसं उरतील.

वेळही बघा. संध्याकाळी सातला ठेवलं की बायका येत नाहीत, आणि कादंबऱ्या वाचतात त्या प्रामुख्यानं बायका. देवघेव काउंटरवर बसणाऱ्यांना हे सांगायला नको! रविवारी दुपारी चार ठेवा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ काही नको. कुणी अध्यक्षही नको.

आता चर्चेचं. 'कशी वाटली?' या प्रश्नानं जेवढ्या बैठका मारल्या तेवढ्या पावसानंही मारल्या नसतील. पहिला म्हणतो 'छान आहे', दुसरी म्हणते 'भाषा ओघवती आहे', तिसरा म्हणतो 'गाव डोळ्यांपुढे उभं राहतं', आणि चहा येतो. त्याऐवजी विचारा, वाचताना कुठे अडलात? कुठल्या पानावर चिडलात, कंटाळलात, पुस्तक पालथं घातलंत? ज्याला आवडली नाही त्याला आधी बोलू द्या. आवडलेल्यांनी आधी बोलून घेतलं की तो बिचारा गप्प बसतो, आणि घरी गेल्यावर बायकोला सांगतो की काही अर्थ नव्हता.

'बनगरवाडी'ची बैठक सांगतो. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे शाळामास्तर होऊन आलेला कोवळा राजाराम, गावकऱ्यांनी खपून उभी केलेली तालीम, मग दुष्काळ, आणि रिकामं होत जाणारं गाव. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, शेवटी गाव मेलं, याहून करुण काय असणार? बहुतेकांनी माना डोलावल्या. मेंढपाळ घरातला एक तरुण मागे बसला होता. तो म्हणाला, 'बाई, आमच्यात मेंढरं घेऊन बाहेर पडणं म्हणजे मरण नाही. माझा आजा दरसाल निघायचा आणि पाऊस झाला की परत यायचा.' बाई म्हणाल्या, 'अरे, पण हे दरसालचं निघणं नाही, जनावरं मरताहेत, माणसं जगायला पळताहेत.' मी एवढंच म्हटलं, पान काढा. शेवटची पानं मोठ्यानं वाचली. तो पोरगा जरा थांबून म्हणाला, 'बाईंचं खरं आहे, हे वेगळं आहे. पण हे सगळं मास्तर सांगतोय. तो बाहेरून आलेला, त्याची शाळा रिकामी झाली म्हणून त्याला गाव संपलं असं वाटतं. गावच्या म्होरक्या कारभाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं का?'

पुढचा तासभर त्याच प्रश्नावर गेला. तालमीचा हट्ट गावाचा की मास्तरचा, इथवर मंडळी मागे गेली. समीक्षेचं एकही पुस्तक न वाचलेली ही माणसं, पण कादंबरी कोण सांगतंय या कळीच्या जागी ती आपसूक पोचली. माझ्यासारख्यानं आधी व्याख्यान झोडलं असतं तर तो पोरगा वही काढून लिहीत बसला असता. म्हणून चालवणाऱ्यानं शेवटी बोलावं, शक्यतो बोलूच नये.

'पान काढा' मात्र सोडायचं नाही. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'वर आमच्याकडे भांडण पेटलं होतं. १९३९ची कादंबरी, युरोपातून निघालेली बोट, ज्यू निर्वासित. नायक चक्रधर मुंबईला उतरतो, त्याच्यावर जीव जडलेली ज्यू हॅर्टा बोटीवरच राहते. तो भित्रा की हतबल? निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि एक गृहस्थ आपल्या पुतण्याच्या मोडलेल्या लग्नावर घसरले. असे घसरणारे भेटणारच. त्यांना तोडू नका, पण पुस्तक त्यांच्या हातात द्या आणि चक्रधराचं वाक्य शोधायला सांगा.

कादंबरीवर असं मिळून बोलणं काही आपण नव्यानं काढलेलं नाही. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं येत होती. तिच्यातल्या नायिकेचं, यमूचं, पुढे काय होणार यावर आठवडाभर बोलायला वाचकांना मोकळीक होती. आज आपण अख्खं पुस्तक एका रात्रीत संपवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याविषयी बोलायला कुणी नसतं.

मघाशी एका ताईंनी विचारलं, हयात लेखक असेल तर त्याला बोलवायचं का? जरूर बोलवा, पण चर्चा झाल्यानंतरच्या महिन्यात. लेखक समोर बसला की नावडलं असं म्हणायची कुणाची छाती होत नाही, आणि तोही बिचारा दोन तास नुसत्या स्तुतीला मान हलवत बसतो.